पेसमेकर आणि टॅटू: तिवस्यातून निघण्याआधी जागा, कागद आणि खर्च

छातीत पेसमेकर आहे आणि त्याच जागेवर टॅटू काढायचा विचार आहे, तर आधी उत्तर घ्या, मग हिशेब. कातडीखाली जिथे ती डबी हाताला लागते तिथे आणि तिच्या आजूबाजूला टॅटू काढू नका. दुसऱ्या हातावर किंवा पोटरीवर काढता येतो, पण डॉक्टरांनी लेखी हो म्हटल्यावर. हे रीतसर केलं तर तिवस्याच्या माणसाला तपासणी, एसटी आणि टॅटू मिळून साधारण साडेपाच हजार लागतात. रीत सोडली आणि जागा चिघळली तर बिल लाखांत जातं आणि जिवाला घोर लागतो तो वेगळाच.

व्रण झाकावासा वाटतो, हे समजण्यासारखं आहे. कॉलरच्या हाडाखाली दोन-अडीच इंचांची रेघ आणि खाली उंचवटा. बनियनमधून दिसतो, लग्नाकार्यात ब्लाउजच्या गळ्यातून दिसतो. कुणाला त्यावर ईसीजीची वळणं हवी असतात, कुणाला त्रिशूळ, कुणाला आईचं नाव. हौस करा. जागा बदला.

जागा का बदलायची, ते एकदा नीट समजून घ्या, म्हणजे स्टुडिओवाला गळ घालील तेव्हा उत्तर तयार असेल. टॅटूची सुई कातडीत जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाते आणि पेसमेकर त्याहून खोल असतो. सुई यंत्राला लागेल ही भीती त्यामुळे बहुतेकांच्या बाबतीत फोल आहे. भीती बाळगायची ती सुईबरोबर आत जाणाऱ्या जंतूंची. यंत्र ज्या कप्प्यात ठेवलेलं असतं त्याला डॉक्टर पॉकेट म्हणतात. त्या पॉकेटमध्ये संसर्ग झाला की नुसत्या गोळ्या-इंजेक्शनांनी भागत नाही. यंत्र आणि हृदयात गेलेल्या तारा, दोन्ही काढाव्या लागतात. जुनी झालेली तार शिरेला आणि हृदयाला आतून चिकटून बसलेली असते. ती सोडवणं खास शिकलेल्या डॉक्टरांचंच काम. तोवर सलाइनमधून अँटिबायोटिक, दवाखान्यात मुक्काम, आणि ज्यांचे ठोके पेसमेकरवरच चालतात त्यांना तात्पुरता पेसमेकर. शेवटी बहुधा दुसऱ्या बाजूला नवं यंत्र. काढलेलं जुनं परत तुम्हाला बसवत नाहीत.

दुसरी अडचण मशीनची. खडखड आवाज करणाऱ्या जुन्या पद्धतीच्या टॅटू मशीनमध्ये विजेवर चालणारं चुंबक असतं, नव्या पेनसारख्या मशीनमध्ये छोटी मोटर. यंत्र बसवलं तेव्हा तुम्हाला सांगितलं होतं ना, की मोबाइल डाव्या खिशात ठेवू नका, चुंबक असलेली वस्तू १५ सेंटिमीटरच्या आत आणू नका? यंत्रावरच टॅटू काढायचा तर मशीन १५ सेंटिमीटर सोडा, एका बोटावर येतं. जोरदार चुंबक जवळ आलं की साधा पेसमेकर एका ठरावीक गतीने ठोके देत राहतो. आयसीडी, म्हणजे झटका देणारं यंत्र, असेल तर ते झटका देणं थांबवू शकतं. चुंबक बाजूला केलं की सहसा सगळं पूर्ववत होतं. पण तेवढ्या वेळात तुमच्या हृदयाने गडबड केली तर खुर्चीशेजारी उभा असलेला माणूस टॅटूवाला आहे, डॉक्टर नव्हे.

तिसरी गोष्ट कुणी सांगत नाही आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. पॉकेट बिघडू लागलं की पहिली खूण कातडीवर दिसते: लाली, चकाकी, कातडी पातळ होऊन यंत्राला चिकटणं. वर काळाभोर त्रिशूळ असेल तर ही लाली ना तुम्हाला दिसेल, ना डॉक्टरांना. अंगाने बारीक असाल तर हा धोका दुप्पट समजा. तुमच्या यंत्रावर कातडीचा थर आधीच कमी आहे, आणि ताणलेल्या पातळ कातडीत शाई पसरून नक्षीही फिसकटते.

आणि बॅटरी. पेसमेकरची बॅटरी साधारण आठ ते बारा वर्षं चालते, आयसीडीची बहुधा त्याहून कमी. ती संपली की यंत्र बदलायला बहुतेक वेळा त्याच जुन्या व्रणाजवळ चिरा देतात. सहा हजारांचा टॅटू मधोमध कापला जातो आणि टाके जुळवताना डॉक्टर तुमच्या नक्षीची रेघ जुळवत बसत नाहीत.

हृदयात कृत्रिम झडप असेल, जन्मतः छिद्र किंवा तसा दोष असेल, किंवा आधी एकदा हृदयाच्या आतल्या अस्तराचा संसर्ग होऊन गेला असेल, तर अंगावर कुठेच टॅटू नको. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना अशा रुग्णांना टॅटू आणि टोचून घेण्यापासून परावृत्त करायला सांगतात. तुम्ही या गटात असाल तर पुढचं वाचून खर्चाचा हिशेब मांडू नका.

आता कामाला लागू. पहिली फेरी डॉक्टरांची, स्टुडिओची नव्हे. पेसमेकर अमरावतीला, नागपूरला, सावंगीला, जिथे बसवला तिथेच जा. तुमची फाइल तिथे आहे आणि यंत्र तपासायचं उपकरणही बहुधा तिथेच मिळेल. वर्ष-सहा महिन्यांनी यंत्राची तपासणी करायची असतेच. टॅटूचा प्रश्न त्याच फेरीला जोडा, वेगळा खर्च पडणार नाही.

सोबत घ्या: पेसमेकरचं ओळखपत्र, यंत्र बसवलं तेव्हाचं डिस्चार्ज कार्ड, चालू गोळ्यांची पाकिटं (चिठ्ठी नको, पाकिटंच), आधार आणि रेशन कार्ड. ओळखपत्र हरवलं असेल तर डिस्चार्ज कार्डावर चिकटवलेला यंत्राचा स्टिकर शोधा. कंपनी, मॉडेल आणि अनुक्रमांक त्यावर असतो. तोही नसेल तर ज्या रुग्णालयात यंत्र बसवलं तिथे नोंद मागा. हे काम टॅटूसाठी नाही तरी करून ठेवायचंच आहे.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न मोजके. बॅटरी किती उरली? माझं हृदय पूर्णपणे पेसमेकरवर चालतं का? टॅटू कुठे काढला तर चालेल? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं काय करायचं? दोन वर्षांत बॅटरी बदलायची असेल तर टॅटू त्यानंतरच ठेवा. यंत्र नुकतंच बसवलं असेल तर डॉक्टर मुदत सांगतील ती पाळा. माझा सल्ला असा की सहा महिन्यांच्या आत विषयच काढू नका. उत्तरं मिळाली की चार ओळी लिहून मागा: यंत्राचा प्रकार, चालू औषधं, परवानगी दिलेली जागा, सही आणि तारीख. काही डॉक्टर टॅटूसाठी असं लिहून द्यायला नाखूश असतात. नाखुशी हेही एक उत्तर आहे, ते ऐका.

गोळ्यांबद्दल एक सक्त सूचना. असिट्रोम, वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल, इकोस्प्रिन यांतली एखादी चालू असेल तर रक्त जास्त येईल म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नका. टॅटूवाल्याने सांगितलं म्हणून तर मुळीच नको. गोळी थांबवल्याने गुठळी झाली तर तो लकव्याचा खर्च आहे. असिट्रोम किंवा वॉरफरिन घेत असाल तर टॅटूआधी आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालं आहे, ते तपासा. मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, तपासा. साखर चढलेली असेल तर जखम भरत नाही, टॅटू पुढे ढकला.

पैशाचं सांगायचं तर खासगी हृदयरोगतज्ज्ञाची फी साधारण ५०० ते १,०००, आयएनआर २५० ते ५००, एचबीएवनसी ४०० ते ६००. हे खर्च वाचवता येतात. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर आणि उपचार मोफत आहेत. तिवस्याच्या ग्रामीण रुग्णालयात साखर आणि साध्या रक्ततपासण्या करून घ्या, आयएनआरचा नमुना घेतात का ते तिथेच विचारा. अमरावतीत इर्विन किंवा सुपर स्पेशालिटी रुग्णालयात जायचं तर तिथे फी लागते का, ते आधी विचारा. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं या निर्णयात येत नाहीत, तिथे थोडी फी लागते.

तिवसा नागपूर-अमरावती महामार्गावरच असल्यामुळे गाडीची अडचण नाही. अमरावती चाळीसेक किलोमीटर, साध्या एसटीला सत्तरेक रुपये. महिलांना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं, पंचाहत्तरीपुढे फुकट. वयाच्या पुराव्याला आधार जवळ ठेवा. नागपूर एकशे दहा किलोमीटरच्या आसपास, तिकीट अडीच पटीहून जास्त. नागपूरचा स्टुडिओ चांगला म्हणून तिकडे धावण्यात अर्थ तेव्हाच, जेव्हा डॉक्टरही तिथलेच आहेत आणि दोन्ही कामं एका दिवसात होतील.

टॅटूचे दर चौरस इंचावर चालतात. लहान शहरांत इंचाला साधारण ३०० ते ६००, मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या कलाकाराकडे ८०० पासून पुढे. यातली पहिली मेख मोजण्यात आहे. शाई जिथे लागते तेवढीच जागा मोजत नाहीत. नक्षीभोवती चौकोन आखतात आणि तो मोजतात. तीन बाय तीन इंचांचं ओमचं चिन्ह म्हणजे नऊ चौरस इंच, चारशेने ३,६०० रुपये, मग आतली निम्मी कातडी कोरी का असेना. "९९ रुपये इंच" अशी पाटी दिसली तर खाली बारीक अक्षरात किमान रक्कम किंवा किमान इंच लिहिलेले असतात. चिमुकला टॅटू काढला तरी बहुतेक ठिकाणी पाचशे ते हजार किमान आकार आहेच.

पुढच्या मेखा एकामागून एक. डिझाइन बनवण्याचे वेगळे. रंगाचे वेगळे. दोन बैठका लागल्या तर दुसऱ्या बैठकीचे वेगळे. आगाऊ रक्कम परत मिळत नाही, आणि तुमच्या बाबतीत ती बुडण्याची शक्यता जास्त, कारण डॉक्टरांनी ऐन वेळी नाही म्हटलं तर स्टुडिओ पैसे परत करत नाही. म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी हातात पडेपर्यंत एक रुपयाही फोनपे करू नका. बधिर करण्याच्या क्रीमचे ३०० ते ५००, नंतर लावायच्या मलमाचे २०० ते ४००. मलम मेडिकलमधून डॉक्टरांनी लिहिलेलं घ्या, ते स्वस्त पडतं. टचअप पहिल्या महिन्यात फुकट म्हणतात, पण ते बिलावर लिहून घ्या. बिलात जीएसटी लावला असेल तर जीएसटी नंबर मागा. सेवा व्यवसायाला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेल्यावर सहसा नोंदणी लागते. नंबर नसलेल्याला जीएसटी घेता येत नाही.

बधिर करण्याच्या क्रीमवर थोडं थांबू. त्यात बहुधा लिडोकेन असतं. हे औषध हृदयाच्या ठोक्यांवरही काम करतं. दवाखान्यात ते बिघडलेली लय सुधारायला शिरेतूनही देतात. जास्त टक्क्यांची क्रीम मोठ्या जागेवर थापून वरून प्लास्टिक गुंडाळलं की ती कातडीतून रक्तात जास्त उतरते. अमेरिकेच्या एफडीएने मार्च २०२४ मध्ये टॅटूसाठी विकल्या जाणाऱ्या, चार टक्क्यांहून जास्त लिडोकेन असलेल्या क्रीमपासून लोकांना सावध केलं; ठोके अनियमित होणं, झटके येणं असे परिणाम त्यात सांगितले होते. ही सूचना धडधाकट लोकांसाठी होती. तुमच्या छातीत यंत्र आहे. क्रीम नको म्हणा, लहान टॅटू काढा आणि दुखणं सोसा. "इंजेक्शन देऊन बधिर करतो" असं कुणी म्हणालं तर उठून बाहेर या. तो अधिकार डॉक्टरांचा.

टॅटूच्या धंद्याला आपल्याकडे वेगळा वैद्यकीय परवाना लागत नाही. भिंतीवर टांगलेलं प्रमाणपत्र कोर्स केल्याचं असतं, स्वच्छतेचं नव्हे. पाहणी तुम्हालाच करावी लागणार, आणि ती टॅटूच्या दिवशी नको, आधी करा. सुईचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडतात का? पाकिटावर निर्जंतुकीकरणाची खूण आणि मुदतीची तारीख आहे का? शाई मोठ्या बाटलीतून एकदाच वापरायच्या टोपणात ओततात की बाटलीतच सुई बुडवतात? मशीन आणि वायर प्लास्टिकने गुंडाळतात का? वापरलेल्या सुया जाड डब्यात टाकतात की कचऱ्याच्या टोपलीत? केस काढायचं ब्लेड नवं आहे का? मधे मोबाइल उचलला तर हातमोजे बदलतात का? या शेवटच्या प्रश्नात निम्मे स्टुडिओ नापास होतात, हे माझं निरीक्षण.

शाई पातळ करायला काय घालतात, तेही विचारा. करड्या छटेसाठी काळ्या शाईत पाणी मिसळतात. नळाचं किंवा बाटलीबंद पिण्याचं पाणी चालत नाही, निर्जंतुक पाणीच हवं. साध्या पाण्यातून आलेल्या जंतूंनी टॅटूवर महिनोन्‌महिने न भरणारे फोड आल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. सीलबंद बाटली म्हणजे शुद्ध शाई असंही समजू नका. अमेरिकेत २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत टॅटू आणि कायमस्वरूपी मेकअपच्या शाईच्या ७५ नमुन्यांपैकी २६ मध्ये जंतू सापडले, आणि ते सीलबंद बाटल्यांतले होते. म्हणजे स्टुडिओ कितीही चकचकीत असला तरी थोडा धोका उरतोच. तो धोका छातीतल्या पॉकेटवर घ्यायचा की पोटरीवर, एवढंच ठरवणं तुमच्या हातात आहे.

खुर्चीत बसण्याआधी फॉर्म भरायला देतात. हृदयविकार आहे का, या रकान्यात खरं लिहा. लपवलंत तर उद्या तक्रारीत तुमचीच बाजू लंगडी पडते. "होणाऱ्या कोणत्याही परिणामास स्टुडिओ जबाबदार नाही" हे वाक्य सगळ्याच फॉर्मांत असतं; त्यावर सही केली म्हणून जुनी सुई वापरण्याची मुभा त्यांना मिळत नाही. भरलेल्या फॉर्मचा, सुईच्या पाकिटाचा आणि शाईच्या बाटलीच्या लेबलचा फोटो काढून ठेवा. टॅटू हातावर असला तरी मशीनची वीजपेटी, वायर किंवा मशीन छातीवर टेकू देऊ नका. सोबत घरचं माणूस न्या. चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, छातीत धडधडलं, तर मशीन बंद करायला लावा आणि लांब सरकायला सांगा.

आता जत्रेबद्दल. तालुक्यातच कौंडण्यपूरची कार्तिकातली यात्रा, मोझरीला गुरुकुंजातला पुण्यतिथी महोत्सव, आणि पौषात तिकडे बहिरम. जत्रेच्या रस्त्याकडेला बॅटरीवरचं मशीन घेऊन बसलेला माणूस पन्नास-शंभरात हातावर नाव कोरून देतो. "काही होत नाही जी, दोन मिनिटाचं काम हाय." त्याच्या पुढ्यात शाईची एकच वाटी असते आणि सकाळपासून सगळ्यांसाठी तीच. सुई फडक्याला पुसली की झाली स्वच्छ. यातून हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही असे आजार पसरू शकतात, आणि हे निरोगी माणसालाही लागू आहे. पेसमेकर असलेल्याने या रांगेत उभंच राहू नये. आजीच्या काळचं गोंदणही याच हिशेबात धरा; काजळी आणि पाल्याचा रस कितीही नैसर्गिक असला तरी सुई उकळलेली नसते.

महिना निवडताना शेतीकडे बघा. फवारणीच्या दिवसांत पंपाचा पट्टा खांद्यावर घासतो. तसं पाहिलं तर हा पट्टा यंत्राच्या पॉकेटवरच येतो, तेव्हा टॅटू असो नसो, त्या बाजूचा पट्टा सैल ठेवा किंवा जाड फडकं घाला. ओल्या टॅटूवर औषधाचे तुषार उडणं वेगळंच दुखणं. सोयाबीन काढणीत धूळ, कापूस वेचणीत दिवसभर घाम आणि ओटीचं ओझं, एप्रिल-मेमध्ये आपल्याकडचं ऊन. उरतात जानेवारी आणि फेब्रुवारी. वरची कातडी भरायला दोन-तीन आठवडे, आतून पूर्ण बरी व्हायला महिना-दीड महिना. तेवढ्या काळात नदीत, विहिरीत, धरणात डुंबायचं नाही. वर्धेची पवित्र डुबकी पुढच्या वर्षी. हळद, खोबरेल, टूथपेस्ट, राख यातलं काहीही लावायचं नाही. साबणाने हात धुऊन, हलक्या हाताने टॅटू धुवा, स्वच्छ कपड्याने टिपा, लिहून दिलेलं मलम पातळ लावा. खपली ओढू नका.

साडेपाच हजारांचा हिशेब असा: डॉक्टर ६००, आयएनआर ३००, साखर ५००, अमरावतीच्या दोन फेऱ्यांचे २८०, नऊ इंचांचा टॅटू ३,६००, मलम-पट्टी ३००. एकूण ५,५८०. सरकारी दवाखान्यात तपासण्या केल्या, अर्धं तिकीट लागू झालं, तर हजार-दीड हजार वाचतात. नको झालेला टॅटू लेझरने काढायचा तर एका बैठकीला दोन-तीन हजारांपासून पुढे, आणि बैठका सहसा सहा-आठ तरी लागतात. टॅटू पुसणं हे गोंदवून घेण्यापेक्षा महाग, हे डिझाइन ठरवताना लक्षात ठेवा. त्वचारोगतज्ज्ञालाही पेसमेकर आहे हे आधी सांगा.

फक्त लोकांना कळावं म्हणून "पेसमेकर रुग्ण" असं गोंदवायचं असेल, तर ते पैसे वाचवा. अपघातात बेशुद्ध पडलात तर अक्षरांवरून यंत्राचा प्रकार आणि मॉडेल कळत नाही. ओळखपत्राची प्लास्टिकबंद झेरॉक्स पाकिटात ठेवा, फोटो मोबाइलमध्ये आणि घरच्या दोघांकडे. वीस रुपयांत काम होतं. मनगटात घालायची स्टीलची पाटी कोरून घेतली तर दोन-तीनशे.

आता ज्यांनी हा लेख वाचण्याआधीच यंत्रावर टॅटू काढला आहे, त्यांच्यासाठी. घाबरून लेझरकडे धावू नका. बऱ्याच जणांना काही होतही नाही. पण जागा रोज बघा आणि बोटाने हलकेच चाचपा. गरम लागते, सुजली, दुखते, पाणी किंवा पू येतो, कातडी यंत्राला चिकटल्यासारखी वाटते, किंवा टॅटू होऊन कित्येक आठवडे गेल्यावर थंडी वाजून ताप येतो. यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी हृदयरोगतज्ज्ञ. गावात दोन गोष्टी हमखास होतात, त्या होऊ देऊ नका. एक, फुगलेल्या जागेत सुई घालून पाणी काढणं. त्याने बाहेरचे जंतू आत जातात, यंत्राच्या पॉकेटमध्ये अशी सुई घालायची नसते. दुसरी, ताप आला म्हणून लगेच अँटिबायोटिकचं इंजेक्शन. आधी रक्ताचे कल्चर घ्यावे लागतात, निदान दोन. औषध आधी गेलं तर जंतू सापडत नाही आणि पुढचा सगळा इलाज अंदाजाने चालतो. मात्र दम लागत असेल, शुद्ध हरपत असेल तर चर्चा नको, १०८ ला फोन करा.

यंत्र काढायची वेळ आली तर खर्च किती? खासगीत नवा साधा पेसमेकर शस्त्रक्रियेसह लाखाच्या आगेमागे सुरू होतो, दोन तारांचा दीड-दोन लाखांपासून पुढे, आयसीडी त्याच्या कितीतरी पट. जुन्या तारा काढण्याची शस्त्रक्रिया आणि दवाखान्यातला मुक्काम त्यात धरलेला नाही. कंपनीची वॉरंटी यंत्रातल्या बिघाडाची असते. संसर्गाचा खर्च ती देत नाही. आरोग्य विमा असेल तर टॅटू हा हौसेचा भाग म्हणून कंपनी दाव्यावर वाद घालू शकते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि पेसमेकर बसवणं तिच्या यादीत आहे. योजनेतल्या रुग्णालयात गेलात की आधी आरोग्यमित्राचं टेबल गाठा. रेशन कार्ड आणि आधार द्या. संसर्ग झालेलं यंत्र काढणं आणि नवं बसवणं कोणत्या पॅकेजमध्ये बसतं, ते दाखल होण्याआधी त्याच्याकडून स्पष्ट करून घ्या. मंजुरी येण्याआधी भरलेले पैसे परत मिळवताना चपला झिजतात. मंजुरीनंतर रुग्णालयाने "यंत्राचा फरक" म्हणून पैसे मागितले तर पावती मागा आणि योजनेच्या १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या क्रमांकावर तक्रार करा.

स्टुडिओने जुनी सुई वापरली, पैसे घेऊन काम अर्धवट सोडलं, बिल नाकारलं, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे भागलं नाही तर अमरावतीचा जिल्हा ग्राहक आयोग. मोबदला म्हणून दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत घटनेपासून दोन वर्षं. बिल, फोनपेची पावती, फॉर्मचा फोटो आणि डॉक्टरांचे कागद एका पिशवीत ठेवा. बिल नसेल तर तक्रार उभी राहणं कठीण, म्हणून खुर्चीतून उठण्याआधी बिल हातात घ्या.